चर्चच्या सूचना, पाट्या आणि निमंत्रणे: नव्याने जबाबदारी घेतलेल्यांसाठी

नाताळच्या आठवड्यात चर्चच्या कार्यालयातला फोन सारखा वाजतो आणि प्रश्न बहुतेक एकच असतो: मिस्सा, म्हणजे कॅथलिक उपासना, किती वाजता? मुंबई-वसईच्या पट्ट्यात या प्रश्नाला खास कारण आहे. ध्वनिप्रदूषण नियम २००० प्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही. वर्षातले मोजके दिवस मध्यरात्रीपर्यंत सवलत मिळते, पण २४ डिसेंबर त्या यादीत असेलच असे धरून चालता येत नाही. म्हणून अनेक ठिकाणी अंगणातली 'मध्यरात्रीची' मिस्सा संध्याकाळीच सुरू होते आणि दहाच्या आत आटोपते. पत्रिकेवर नुसते 'मध्यरात्रीची मिस्सा' छापले, तर नेहमीच्या लोकांना वेळ ठाऊक असते. बाहेरगावचा पाहुणा, पहिल्यांदाच येणारी शेजारीण किंवा पाच वर्षांनी आखातातून परतलेला मुलगा मात्र साडेअकराला येतो आणि त्याला बंद फाटक दिसते.

चर्चच्या प्रसाराचे काम इथूनच सुरू होते. ज्याला यायचे आहे, त्याला चुकीच्या वेळी चुकीच्या दारी पाठवायचे नाही. हे जमले नाही, तर रील, लाइव्ह आणि फ्लेक्स यांनी चुकीची माहितीच जास्त लोकांपर्यंत जाते. तरुण संघातल्या एखाद्या मुलाकडे किंवा मंडळीच्या नव्या सेक्रेटरीकडे हे काम आले की पहिला मोह पोस्टर करण्याचा होतो. तो आठवडाभर बाजूला ठेवा आणि आधी एक कागद तयार करा.

मूळ कागद

एका ए-फोर कागदावर चर्चची सगळी पक्की माहिती लिहा. पाटी, पत्रिका, गूगल, व्हॉट्सअॅप या सगळ्यांची माहिती याच कागदावरून उतरवायची, आठवणीतून नाही.

चर्चचे नोंदणीतले पूर्ण नाव मराठी आणि इंग्रजी दोन्हींत लिहा. शेजारी लोक ज्या नावाने ओळखतात ते नावही लिहा. पुण्यात 'होली नेम कॅथेड्रल' विचारले तर रिक्षावाला विचारात पडेल. 'पंच हौद' म्हटले की नेऊन सोडतो. असे चालते नाव प्रत्येक पत्रिकेवर हवे.

मग वेळा, भाषेनुसार वेगळ्या. शहरातल्या एकाच इमारतीत सकाळी इंग्रजी, नंतर मराठी, संध्याकाळी तमिळ किंवा हिंदी उपासना असू शकते. 'रविवारी उपासना ९ वाजता' एवढेच वाचून आलेली आजी इंग्रजी उपासनेत बसते आणि पुन्हा येत नाही. त्यानंतर पत्ता: जवळचे स्थानक पूर्व की पश्चिम, बसथांबा कोणता, फाटक कोणत्या गल्लीत. पायऱ्या किती, चाकाच्या खुर्चीला वाट आहे का, गाडी कुठे लावायची, चपला बाहेर काढायच्या की नाही, हेही लिहा. शेवटी कार्यालयाचा फोन आणि तो उचलला जाण्याच्या वेळा. कागदाच्या तळाशी माहिती तपासल्याची तारीख घाला आणि दर तिमाहीला पाळकसाहेबांकडून किंवा फादरांकडून कागद नव्याने तपासून घ्या.

तारखेसोबत वार लिहिलाच पाहिजे. '२५ डिसेंबर, रात्री १२' यावरून कोणती रात्र ते कळत नाही. 'गुरुवार २४ डिसेंबर २०२६, रात्री ११.३०' असे लिहिले की शंका उरत नाही. वार आणि तारीख एकमेकांशी जुळत नसतील तर छापण्याआधीच चूक सापडते, हा आणखी एक फायदा.

खाती कोणाच्या हातात

चर्चच्या नावाने एक सिमकार्ड घ्या. त्यावर व्हॉट्सअॅप, त्याच क्रमांकाशी जोडलेले गूगल खाते आणि त्या खात्यावर नकाशाची नोंद व यूट्यूब चॅनल, असा क्रम ठेवा. एखाद्या उत्साही मुलाच्या खाजगी जीमेलवर चॅनल उघडलेला असतो. मुलगा नोकरीसाठी बेंगळुरूला जातो, क्रमांक बदलतो आणि चर्चला स्वतःच्याच पानावर नाताळची वेळ बदलता येत नाही. यात दोष मुलाचा नसतो, सुरुवातीलाच खाते चर्चच्या नावाने उघडायला हवे होते.

दोन टप्प्यांची पडताळणी चालू करा. गूगल देते ते राखीव कोड छापून बंद पाकिटात, नोंदवह्यांच्या कपाटात ठेवा. प्रवेश तिघांकडे असावा: पाळक किंवा प्रमुख धर्मगुरू, सेक्रेटरी आणि प्रत्यक्ष काम करणारा. कमिटी बदलली की त्याच सभेत पासवर्ड बदला आणि इतिवृत्तात नोंद करा.

रविवारच्या सूचना

हे सर्वात जुने माध्यम आणि आजही सर्वात भरवशाचे. लोक समोर बसलेले असतात, सांगणारा ओळखीचा असतो. तरीही इथेच सर्वात जास्त सूचना वाया जातात, कारण त्या लांब असतात आणि चुकीच्या क्षणी येतात. मिस्सेत त्या शेवटच्या आशीर्वादाआधी होतात, तेव्हा अर्ध्या लोकांचे लक्ष दाराकडे लागलेले असते. प्रॉटेस्टंट उपासनेत त्या बहुधा मध्येच येतात, तेव्हा लोक निदान बसलेले असतात. जागा बदलता येत नसेल तर लांबी कमी करा.

एका रविवारी तीन सूचना, तीन मिनिटांत. सावकाश आणि स्पष्ट मराठी वाचनात मिनिटाला शंभर-सव्वाशे शब्द होतात, म्हणजे सगळ्या सूचना मिळून साडेतीनशे शब्दांच्या आत बसल्या पाहिजेत. कोणती सूचना व्यासपीठावरून द्यायची याची कसोटी साधी ठेवा: समोर बसलेल्यांपैकी बहुतेकांना ती लागू आहे का, आणि येत्या आठ दिवसांत त्यांना काही करायचे आहे का? दोन्हींचे उत्तर 'हो' असेल तरच ती बोला. गायनमंडळाच्या सरावाची बदललेली वेळ फलकावर आणि गायनमंडळाच्या ग्रुपवर जाते.

वाचायचा मजकूर बोलण्याच्या भाषेत लिहा. असे नको:

'सर्व भगिनींना कळविण्यात येते की, महिला मंडळाच्या वतीने दरवर्षीप्रमाणे याही वर्षी आयोजित करण्यात येणारी मासिक सभा शनिवार दिनांक १४ रोजी संपन्न होणार असून तरी बहुसंख्येने उपस्थित राहावे.'

असे हवे:

'महिला मंडळाची सभा येत्या शनिवारी आहे, १४ नोव्हेंबरला, दुपारी ४ वाजता, चर्चच्या सभागृहात. जेवणासाठी नाव आजच दारापाशी द्या. शनिवार, १४ नोव्हेंबर, दुपारी ४.'

तारीख शेवटी पुन्हा आली आहे, कारण ती पहिल्यांदा ऐकताना माणूस अजून 'कोणाची सभा' एवढेच समजून घेत असतो. मोठ्या कार्यक्रमाची तारीख तीनदा सांगावी: तीन आठवडे आधी, एक आठवडा आधी आणि आदल्या संध्याकाळी फोनवर.

व्हॉट्सअॅप

प्रकार नीट निवडा. ग्रुपमध्ये १,०२४ जण मावतात, पण प्रत्येकाचा क्रमांक सगळ्यांना दिसतो. ब्रॉडकास्ट यादीत २५६ जणांची मर्यादा असते आणि ज्यांनी चर्चचा क्रमांक आपल्या फोनमध्ये जतन केला आहे त्यांनाच निरोप मिळतो. 'पाठवले तरी पोचत नाही' या तक्रारीचे कारण बहुधा हेच असते. त्यामुळे यादी करण्याआधी दोन-तीन रविवार दारापाशी स्वयंसेवक उभे करा आणि प्रत्येकाच्या फोनमध्ये क्रमांक जतन करून द्या. चॅनलमध्ये अनुयायांचे क्रमांक एकमेकांना दिसत नाहीत, म्हणून बाहेरच्या, अजून सभासद नसलेल्या लोकांसाठी तो बरा. पण तिथे उलट उत्तर देता येत नाही, तेव्हा प्रत्येक निरोपात कार्यालयाचा फोन हवा.

सभासदांच्या ग्रुपमध्ये फक्त अॅडमिनला लिहिता येईल अशी सोय करा. प्रार्थनेच्या विनंत्या, वाढदिवस, वचने यांसाठी वेगळा, मोकळा ग्रुप ठेवा. दोन्ही एकत्र असले की रोज सकाळच्या फुलांच्या चित्रांखाली दफनविधीची वेळ बुडून जाते, आणि लोक ग्रुपचा आवाज बंद करून ठेवतात.

निरोपाची पहिली ओळ सर्वात महत्त्वाची, कारण फोन न उघडता तेवढीच दिसते. 'प्रभू येशू ख्रिस्ताच्या मधुर नावात सर्वांना सलाम' ही सुरुवात आपल्या लोकांना प्रिय आहे आणि ती गाळायची गरज नाही. फक्त ती दुसऱ्या ओळीवर न्या. पहिल्या ओळीत 'रविवार ८ नोव्हेंबर: उपासना १० ऐवजी ८.३० ला' असे आले पाहिजे.

मजकूर अक्षरांत पाठवा, नुसते चित्र नको. चित्रातला मजकूर ग्रुपमध्ये शोधून सापडत नाही, दृष्टी अधू असलेल्यांचा फोन तो वाचून दाखवू शकत नाही आणि मंद इंटरनेटवर चित्र उघडतच नाही. पोस्टर पाठवायचे असेल तर त्याखाली तोच मजकूर टाइप करा.

चूक झाली तर? पाठवल्यापासून पंधरा मिनिटांत निरोप दुरुस्त करता येतो. त्यानंतर गुपचूप नवा निरोप टाकू नका. जुना पुढे गेलेलाच असतो आणि दोन वेळा फिरू लागतात. 'दुरुस्ती' हा शब्द सर्वात आधी लिहा, चुकीची वेळ आणि बरोबर वेळ दोन्ही लिहा, आणि 'हाच निरोप पुढे पाठवा' असे सांगा.

ज्यांच्याकडे स्मार्टफोन नाही त्यांची यादी वेगळी करा. प्रत्येक वाडी किंवा सोसायटीत एक माणूस ठरवा आणि त्याच्याकडे आठ-दहा घरे द्या. फोन करायचा किंवा दारात जाऊन सांगायचे. ही यादी बहुतेक वयस्कांची असते आणि रविवारी सर्वात नियमित येणारेही तेच असतात.

निधनाचा निरोप

चर्चचा सर्वात काळजीने वाचला जाणारा निरोप हाच, म्हणून त्यावर थोडे थांबायला हवे. यात घाई असते, कुटुंब दुःखात असते आणि एका चुकीने माणूस शेवटच्या दर्शनाला मुकतो.

कुटुंबातल्या एकाच व्यक्तीशी बोला आणि तिचे नाव लिहून ठेवा. जवळच्या नातलगांना कळवून झाले का, हे विचारल्याशिवाय काहीही टाकू नका. आजोबा गेल्याचे दुबईतल्या नातवाला ग्रुपवरून कळणे फार क्रूर असते. मृतदेह रुग्णालयात असेल आणि शवविच्छेदन बाकी असेल तर वेळ देऊ नका. 'वेळ नंतर कळवू' असे लिहा. परदेशातून कोणी येणार असेल तर विमान उतरण्याची वेळ विचारा.

निरोप असा असावा:

'निधन: श्रीमती (पूर्ण नाव, घरचे चालते नाव), वय ७८, (वाडी किंवा सोसायटी).
घरून निघणार: मंगळवार ३ नोव्हेंबर, दुपारी ३.००
चर्चमधील विधी: ३.३०
दफन: ४.३०, (दफनभूमीचे नाव आणि रस्ता)
चौकशी: चर्च कार्यालय.'

चालते नाव नक्की लिहा. गावात माणूस आयुष्यभर एका लाडक्या नावाने ओळखला जातो आणि कागदोपत्री नाव वाचून शेजाऱ्यालाही ओळख पटत नाही. 'दुःखद निधन' लिहावे की 'प्रभूमध्ये विसावले', हे कुटुंबाला विचारा. फोटो कुटुंबाने दिला तरच लावा. मजकूर त्यांना पाठवून 'बरोबर आहे' असे उत्तर आले की मगच पुढे पाठवा.

गूगलच्या नकाशावर

नवा माणूस चर्च शोधतो तो फोनवर. बहुतेक चर्चची नोंद नकाशावर आधीच कोणीतरी केलेली असते, पण ती कोणाच्या ताब्यात नसते. चर्चच्या गूगल खात्यातून तिची मालकी मागा. पडताळणी आता अनेकदा व्हिडिओने होते: रस्त्याची पाटी, चर्चच्या नावाची पाटी आणि कुलूप उघडून आत जाणे, हे सगळे न तोडता एकाच चित्रणात दाखवावे लागते. म्हणून किल्ली असलेल्या माणसाला सोबत घ्या, आणि चर्चच्या नावाची पाटी नसेल तर ती आधी लावा.

नोंद हाती आली की मूळ कागदावरून माहिती भरा. रविवारच्या एकाच दिवसात अनेक वेळा टाकता येतात, त्या टाका. वर्णनात भाषेनुसार वेळ लिहा. २४, २५ व ३१ डिसेंबर, १ जानेवारी, शुभ शुक्रवार आणि ईस्टर यांच्या विशेष वेळा निदान दोन आठवडे आधी भरा. मग खूण तपासा: बसस्थानकावरून फोनवर नकाशा लावून चालत या. खूण मागच्या भिंतीवर असेल तर फोन माणसाला गटाराच्या बाजूच्या बंद दाराशी नेतो. खूण उघड्या फाटकावर आणा. बाहेरचे लोकही नोंदीत बदल सुचवू शकतात, म्हणून महिन्यातून एकदा वेळा पाहा.

पाटी, फ्लेक्स आणि देवनागरी

दहा फुटांवरून आरामात वाचायचे तर अक्षर निदान एक इंच उंच हवे. रस्त्याच्या पलीकडून, चाळीस फुटांवरून वाचायचे तर चार इंच. हे गणित धरले की तीन बाय दोन फुटांच्या फ्लेक्सवर चार-पाच ओळींपेक्षा जास्त मावत नाही हे आपोआप कळते. काय, कधी, कुठे, फोन. कमिटीच्या अकरा सभासदांचे फोटो त्यावर बसत नाहीत, आणि रस्त्यावरून जाणाऱ्याला त्यांचा उपयोगही नसतो.

मुद्रितशोधनाला वेळ द्या. छपाईवाल्याकडे अनेकदा जुने, युनिकोड नसलेले फॉन्ट असतात. व्हॉट्सअॅपवरून दिलेला मजकूर त्यात बदलताना जोडाक्षरे मोडतात. नेमके आपलेच शब्द अडचणीचे आहेत: 'ख्रिस्त' मधला 'ख्र' सुटा पडतो, 'प्रार्थना' मधला रफार पुढच्या अक्षरावर सरकतो, 'पुनरुत्थान' मधला 'रु' दीर्घ होतो. छपाईआधीचा नमुना मागा आणि दोघांनी मिळून तपासा. एकाने मूळ कागद मोठ्याने वाचावा, दुसऱ्याने नमुन्यावर बोट ठेवून पाहावे. मजकूर रचणाऱ्यानेच तपासला तर त्याला छापलेले दिसत नाही, मनातले दिसते. मजकुरासोबत त्याचे चित्रही पाठवा, म्हणजे छपाईवाल्याला ताडून पाहता येते.

सार्वजनिक जागेवर फ्लेक्स लावायला महापालिकेची, नगरपरिषदेची किंवा ग्रामपंचायतीची परवानगी लागते आणि ती मुदतीपुरती असते. परवानगीचा क्रमांक आणि मुदत फ्लेक्सवरच छापा. मुदत संपायच्या दिवशी फ्लेक्स उतरवण्याचे काम नाव घेऊन कोणाला तरी द्या. जानेवारीच्या मध्यावर लोंबणारे नाताळचे बॅनर चर्चबद्दल चांगले काही सांगत नाही.

थेट प्रक्षेपण

आजारी, वयस्क आणि परदेशी असलेल्यांसाठी थेट प्रक्षेपण मोठा आधार आहे. वसईची कितीतरी कुटुंबे आखातात आणि त्यापलीकडे विखुरली आहेत. त्यांच्यासाठी वेळेपुढे 'भारतीय वेळ' लिहा. सकाळी ९ म्हणजे दुबईत ७.३०.

यूट्यूबवर चॅनलची पडताळणी करून प्रक्षेपण चालू करायला चोवीस तासांपर्यंत वेळ लागू शकतो, आणि फोनवरून थेट जायचे तर निदान ५० सदस्य हवेत. हे नाताळच्या संध्याकाळी कळू नये, म्हणून नोव्हेंबरातच एक चाचणी प्रक्षेपण करा.

चित्रापेक्षा आवाजाकडे जास्त लक्ष द्या. फोन सभागृहाच्या मागे ठेवला की पंख्याची घरघर आणि प्रतिध्वनी ऐकू येतो, प्रवचन नाही. ध्वनियंत्रणेच्या मिक्सरमधून वेगळी तार काढून योग्य जोडणीने फोनला द्या. ते जमत नसेल तर वेदीवर कॉलरचा माइक लावा. कोणीतरी कानाला हेडफोन लावून प्रत्यक्ष प्रक्षेपणच ऐकत बसले पाहिजे. फोन तिपाईवर, चार्जरला जोडून, येणारे कॉल बंद करून ठेवा. एक कॉल आला तरी आवाज तुटतो.

७२० पी चित्रासाठी अपलोडचा वेग सलग चार-पाच एमबीपीएस हवा. रिकाम्या चर्चमध्ये तपासलेला मोबाइल डेटा नाताळला पुरत नाही, कारण हजार फोन एकाच टॉवरवर असतात. ब्रॉडबँडची तार ओढून घ्या. शिवाय फोनमध्ये वेगळे चित्रण चालू ठेवा, म्हणजे प्रक्षेपण तुटले तरी उपासना नंतर चढवता येते.

प्रार्थनेत नावाने उच्चारलेले आजार, कोणाची साक्ष (स्वतःच्या श्रद्धेचा सांगितलेला अनुभव), रडणारे चेहरे, वेदीसमोरची लहान मुले, हे सगळे जगभर जाते आणि राहते. मध्यस्थीच्या, म्हणजे इतरांसाठीच्या, प्रार्थनेत फक्त पहिले नाव घ्या, आजार सांगू नका. साक्ष देणाऱ्याला आधी विचारा. कॅमेरा वेदीवर स्थिर ठेवा, बाकांवर फिरवू नका.

जिथे प्रकरण अंगाशी येते

मुलांचे फोटो पालकांच्या लेखी संमतीशिवाय टाकू नका. २०२३ चा वैयक्तिक डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदा अठरा वर्षांखालच्यांच्या माहितीसाठी पालकांची संमती मागतो. संडे स्कूलच्या प्रवेश-अर्जातच 'फोटो चालेल, चालणार नाही' असा रकाना ठेवा. बाप्तिस्मा आणि दृढीकरण (बाप्तिस्म्यानंतर श्रद्धा पक्की करण्याचा विधी) यांच्या याद्या जन्मतारखांसह ग्रुपवर टाकू नका.

दानाचा क्यूआर कोड विश्वस्त संस्थेच्या बँक खात्याचाच असावा, खजिनदाराच्या खाजगी खात्याचा कधीही नाही. पैसे देताना पडद्यावर कोणते नाव येते ते मूळ कागदावर लिहा आणि कोडखाली छापा. दर रविवारी एक रुपया पाठवून पाहा, कारण लावलेल्या कोडवर दुसराच कोड चिकटवण्याचे प्रकार होतात. थेट प्रक्षेपणात खाते क्रमांक दाखवताना आणखी एक काळजी घ्या. परदेशी नागरिकाने दिलेले दान हे परकीय योगदान ठरते, आणि त्यासाठी परकीय योगदान नियमन कायद्याखालची नोंदणी व दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतले ठरलेले खाते लागते. परदेशी पासपोर्ट घेतलेला आपलाच भाचा असला तरी नियम तोच. पडद्यावर स्पष्ट लिहा: 'हे खाते भारतीय नागरिकांसाठी.'

पोस्टरवर रोगमुक्तीची हमी देऊ नका. 'कॅन्सर बरा होईल', 'चमत्कार पाहा' अशी भाषा आक्षेपार्ह जाहिरातींच्या १९५४ च्या कायद्याशी आणि महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याशी टक्कर घेते. त्याआधी ती एखाद्या रुग्णाला औषध सोडायला लावू शकते, आणि ते जास्त गंभीर आहे. 'आजाऱ्यांसाठी प्रार्थना' एवढे पुरेसे आहे.

याच प्रामाणिकपणाने इतर निमंत्रणे लिहा. वैद्यकीय शिबिर असेल तर ते वैद्यकीय शिबिरच असू द्या. त्यात प्रार्थना होणार असेल तर पत्रिकेवर तसे लिहा, होणार नसेल तर आयत्या वेळी घुसवू नका. शेजारचा माणूस एकदा फसला की त्याची पुढची पिढीही पायरी चढत नाही.

बाहेरच्यांना बोलावणे

महाराष्ट्रातल्या ख्रिस्ती लोकांनी हे काम पूर्वी फार चांगले केले आहे. 'ज्ञानोदय' हे नियतकालिक १८४२ साली अहमदनगरातून निघाले, 'निरोप्या' हे मासिक १९०३ साली. ख्रिस्ती कवी रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी कीर्तन आणि अभंग हाती घेतले, कारण समोरच्या माणसाच्या कानाला ते ओळखीचे होते. आजच्या पत्रिकेलाही तीच कसोटी लावा. 'नोव्हेना' लिहिले तर पुढे 'नऊ दिवसांची प्रार्थना' लिहा. 'प्रभुभोजन' (भाकर व द्राक्षरस घेण्याचा विधी) असेल त्या दिवशी 'पाहुण्यांनी बसून राहिले तरी चालते' असे सांगा. नव्या माणसाला तिथेच सर्वात जास्त अवघडायला होते.

वर्षाचे कॅलेंडर आधी मांडा. ईस्टर २२ मार्च ते २५ एप्रिल यांच्यामध्ये फिरते. २०२७ मध्ये ते २८ मार्चला आहे, म्हणजे राखेचा बुधवार, ईस्टरआधीच्या उपवासकाळाचा पहिला दिवस, १० फेब्रुवारीला. त्या काळात दहावी-बारावीच्या परीक्षा असतात. तरुणांच्या सभा तेव्हा छोट्या ठेवा आणि ध्वनिक्षेपकाचा आवाज आवरा. अभ्यास करणाऱ्या शेजारच्या मुलीसाठी आवाज कमी केलेला तिच्या घरच्यांच्या लक्षात राहतो.

वांद्र्याच्या माउंट मेरीची किंवा हरेगावच्या मतमाउलीची सप्टेंबरातली यात्रा असली की बाहेरगावचे आणि इतर धर्मांचे लोक मोठ्या संख्येने येतात. तिथे निमंत्रणाची गरज नसते, दिशा दाखवण्याची असते: पाणी कुठे, स्वच्छतागृह कुठे, हरवलेले मूल कुठे आणायचे, शेवटची बस किती वाजता. मराठी, हिंदी आणि इंग्रजीत, चित्रखुणांसह पाट्या लावा. पाट्या डोक्याच्या वर बांधा, कारण गर्दीत खांद्याच्या उंचीवरची पाटी कोणालाच दिसत नाही.

वर्तमानपत्राला बातमी द्यायची तर तालुका वार्ताहराला आठ दिवस आधी एका पानाचे निवेदन द्या. काय, कधी, कुठे आणि कोणासाठी हे पहिल्या दोन वाक्यांत आले पाहिजे, विशेषणे नकोत. कार्यक्रमानंतरचा फोटो त्याच संध्याकाळी पाठवा, डावीकडून उजवीकडे नावांसह. दुसऱ्या दिवशी ती बातमी शिळी होते.

आणि कोणी खरोखरच आले, तर त्याच्यासाठी तयारी हवी. दारात दोन माणसे नेमा, त्यातली एक स्त्री असावी. त्यांनी गीतपुस्तक हातात द्यावे, पान उघडून द्यावे, मागच्या तिसऱ्या-चौथ्या बाकाशी बसवावे. पहिल्या बाकावर बसवले तर कधी उठायचे, कधी गुडघे टेकायचे हे त्याला कोणाकडे पाहून कळणार? व्यासपीठावरून नाव पुकारून उभे करू नका. उपासनेनंतर चहाला थांबवा. फोन क्रमांक मागायचा तर कशासाठी ते सांगा आणि त्यापलीकडे वापरू नका. बुधवारच्या आत एकाच माणसाने फोन करावा, चौघांनी नाही. पुढच्या रविवारची वेळ सांगावी, काही अडले का विचारावे. तो म्हणाला की फाटक सापडायला वेळ लागला, तर त्याच दिवशी मूळ कागद काढून पत्त्याची ओळ दुरुस्त करा.